पोटासाठी कोणतं यंत्र?

अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्याला फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं. बसमधून उतरलं की पायऱ्या लागतात, आणि ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. चार माणसं खुर्चीला बांधलेले दांडे खांद्यावर घेऊन चढू लागतात, तेव्हा त्यांच्या पायांकडे न पाहता धडाकडे पाहावं. पाय वरखाली होतात, खुर्ची डुलते, पण कमरेपासून खांद्यापर्यंतचा भाग खांबासारखा स्थिर असतो. पोटाच्या स्नायूंचं मुख्य काम हेच. वाकण्यापेक्षा वाकू न देणं!

फर्दापूरसारख्या हमरस्त्यावरच्या गावात एखाद्या तरुणाने जिम काढायचं मनावर घेतलं, तर यंत्रांच्या यादीत तो आधी पोटाचं यंत्र शोधतो. त्याचाही इलाज नसतो. गिऱ्हाईक पोटावर हात ठेवूनच दारात येतं. व्यायामशाळेसाठी मुद्रा योजनेतून कर्ज मिळू शकतं. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत सेवाव्यवसायांच्या यादीत जिमही आहे. कर्ज मिळणं अवघड नाही, फेडणं अवघड. बँकेत असताना अशा प्रस्तावांना जोडलेली कोटेशनं मी पुष्कळ वाचली. त्यांत यंत्राचं रंगीत चित्र असे, किंमत असे. ते रोज किती माणसं वापरतील आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करील, याबद्दल अवाक्षर नसे.

मुळात पोटाच्या यंत्राने पोट उतरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चोवीस जणांपैकी काहींनी सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम केले. स्नायूंचा दमसास वाढला, चरबी होती तिथेच राहिली. चरबी उतरते ती सगळ्या अंगाची, चालण्याने, कष्टाने आणि ताटाकडे लक्ष दिल्याने. तरीही जाहिरातींना बहर असतो. ‘अ‍ॅब सर्कल प्रो’ नावाच्या यंत्रावर तीन मिनिटं बसलं की शंभर उठाबशा काढल्यासारखं होतं, अशा थाटाची जाहिरात अमेरिकेत चालली होती. २०१२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण मिटवताना गिऱ्हाइकांना अडीच कोटी डॉलरपर्यंत परत करायला लावले. आपल्याकडे थरथरणारे पट्टे अजून विकले जातात, आणि घेणाऱ्यांत शिकलेले लोक कमी नसतात.

यंत्रांची तुलनाही झालेली आहे. २००१ साली सॅन दिएगोच्या विद्यापीठात पोटाचे तेरा व्यायाम, स्नायूंतले विद्युत्संकेत मोजून, एकमेकांशी ताडून पाहिले गेले. पहिला आला तो उताणं पडून हवेत सायकल चालवण्याचा. त्याला खर्च एका सतरंजीचा! दुसरी आली ‘कॅप्टन्स चेअर’, म्हणजे कोपरं टेकून अधांतरी लोंबकळायचं आणि गुडघे वर घ्यायचे, असा लोखंडी सांगाडा. पोट दाबून डुलवणारं, टीव्हीवर गाजलेलं यंत्र शेवटच्या क्रमांकावर राहिलं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले मणक्यांचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी तर वारंवार वाकून उठण्याच्या व्यायामाने मणक्यांमधल्या चकत्यांवर किती दाब येतो, ते मोजून दाखवलं. अमेरिकेच्या नौदलाने २०२१ साली चाचणीतून पोटाची उठबस काढून कोपरांवर ताठ राहण्याचा ‘प्लँक’ आणला. डोलीवाला विनाचाचणी पास होईल.

म्हणून निवड करायची ती अशी. बसून पुढे वाकण्याचं वजनी क्रंच मशीन आणि धड पिळण्याचं मशीन सुरुवातीला नकोच. महाग, जागा खाणारी, आणि एका वेळी एकाच माणसाच्या कामाची. त्या पैशात केबल आणि कप्पीचा उंचीला बदलता येणारा एक खांब घ्यावा. त्याच्याजवळ आडवं उभं राहून केबल छातीपुढे धरून ठेवली, की धड वळू न देण्याचा उत्तम व्यायाम होतो, आणि पाठ-खांदे-दंडही त्याच खांबावर होतात. एक कॅप्टन्स चेअर, पाठीसाठी एक रोमन चेअर, एक-दोन हातचाके आणि भरपूर चटया. चटयांवर एका वेळी दहा बायका व्यायाम करू शकतात, यंत्रावर एक. महिलांची सकाळची बॅच चालवायची असेल, तर हा हिशेब निर्णायक आहे. आपल्या आखाड्यांनी तो फार पूर्वीच केला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभ्या केलेल्या मल्लखांबाइतकं पोटाचं कसब दुसरं कोणतं यंत्र मागतं? मात्र त्याला शिकवणारा लागतो, आणि तो कोटेशनमध्ये मिळत नाही.

घेताना चित्र पाहू नये, वस्तू हलवून पाहावी. सांगाड्याचा पाइप साधारण तीन मिलिमीटर जाडीचा असावा. वेल्डिंगची शिवण सलग आहे का, रेक्झिन फाटलं तर गावातला गादीवाला बदलू शकेल का, केबल आणि कप्पी बाजारात सुटी मिळते का, हे विचारावं. केबलची एक तार जरी उसवलेली दिसली, तरी ती त्याच दिवशी बदलायची असते. घरगुती वापराचं यंत्र स्वस्त पडतं, पण जिममध्ये वापरलं की त्याची हमी बहुधा रद्द होते. ती ओळ बारीक अक्षरात असते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या, नोंदणी नसलेल्या जिमला यंत्रावर भरलेला जीएसटी परत वळवता येत नाही, तेव्हा किंमत करासकट धरावी. ही सगळी यंत्रं विजेवाचून चालतात, हा उन्हाळ्यात वीज जाणाऱ्या गावातला मोठाच फायदा.

आणि दारावर एक पाटी हवी. हर्निया असलेल्यांनी, सिझेरियन झालेल्या बायकांनी, हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांनी आधी डॉक्टरांना विचारून यावं. ठिसूळ मणक्यांना वाकून उठण्याचा व्यायाम मोडू शकतो. नवख्याला पहिला महिना फक्त चटई द्यावी. एवढ्यावर एखादा नाराज होऊन निघून जाईल, वर्गणीही बुडेल. तेवढी तूट प्रकल्प अहवालातच धरून ठेवावी.