बँकेच्या लिलावातील घर : स्वस्त किमतीमागचा हिशेब

गृहकर्जाचे हप्ते थकले, की तारण असलेले घर बँक ताब्यात घेते आणि थकबाकी वसूल करण्यासाठी लिलावात विकते. वाशी, नेरूळ, घणसोली, खारघर, कामोठे, उलवे, तळोजा अशा भागांतील सदनिकांच्या लिलावाच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. त्यातील राखीव किंमत बऱ्याचदा त्याच परिसरातील बाजारभावापेक्षा कमी असते, म्हणून नवी मुंबईत घर शोधणारे अनेकजण या जाहिरातींकडे वळतात. किंमत कमी असण्याचे कारण मात्र समजून घ्यायला हवे. नेहमीच्या व्यवहारात कागदपत्रे, थकबाकी आणि ताबा यांची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. लिलावात तिचा मोठा भाग घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

घर लिलावापर्यंत कसे येते

या प्रक्रियेचा आधार २००२ चा सरफेसी कायदा आहे. त्यापूर्वी तारणाची विक्री करण्यासाठी बँकांना न्यायालयात किंवा १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागे आणि त्यात वर्षे जात. सरफेसी कायद्याने न्यायालयाची पायरी न चढता तारण ताब्यात घेण्याचा आणि विकण्याचा अधिकार बँकांना दिला. गृहवित्त कंपन्यांनाही तो आहे. सहकारी बँकांना तो आहे की नाही, यावर दीर्घकाळ वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला आणि सहकारी बँकाही या कायद्याच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट झाले.

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, की कर्जखाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक कलम १३(२) खाली मागणी नोटीस देते आणि पूर्ण रक्कम भरण्यासाठी कर्जदाराला ६० दिवस मिळतात. त्याने हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर बँकेचा प्राधिकृत अधिकारी घराचा ताबा घेतो. ताब्याची नोटीस दाराला चिकटवली जाते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते.

यानंतर मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराचे मूल्यांकन होते आणि राखीव किंमत ठरते. पहिल्या लिलावापूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तो लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवसांची नोटीस पुरते. विक्रीतून बँकेचे येणे आणि खर्च वळता होऊन काही रक्कम उरली, तर ती कर्जदाराला किंवा तिच्यावर हक्क असणाऱ्याला मिळते.

जाहिरात कशी वाचावी

लिलाव आता बहुतेक ऑनलाइन होतात. सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र पाहायला मिळतात. खासगी बँका आणि वित्तकंपन्या आपापल्या किंवा लिलाव कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जाहिराती देतात. जाहिरातीत कर्जदार व हमीदारांची नावे, थकबाकी, मालमत्तेचे वर्णन, राखीव किंमत, बयाणा रक्कम, पाहणीची तारीख आणि लिलावाची वेळ दिलेली असते.

त्यातील दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या. पहिली म्हणजे ताब्याचा प्रकार. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणजे घराच्या किल्ल्या बँकेकडे आहेत. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे बँकेने कागदोपत्री ताबा जाहीर केला आहे, पण आत कर्जदार किंवा भाडेकरू राहत असू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट. घराची अवस्था, क्षेत्रफळातील फरक किंवा न दिसणारी देणी यांबद्दल बँक हमी देत नाही, असा तिचा अर्थ आहे. म्हणून पाहणीच्या दिवशी स्वतः जाणे, शेजाऱ्यांशी आणि सोसायटीच्या सचिवांशी बोलणे आवश्यक ठरते. जाहिरातीतील सदनिका क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ नोंदणीकृत कराराशी जुळवून पाहावे.

नवी मुंबईची वेगळी कागदपत्रे

नवी मुंबईच्या नियोजित भागातील जमीन सिडकोची आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या या महामंडळाने भूखंड विकले नाहीत, साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे सदनिका विकत घेणाऱ्याच्या नावे हस्तांतर करताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क यांचा प्रश्न येतो. इमारतीचा भाडेपट्टा सोसायटीच्या नावे झाला आहे का, घर तारण ठेवताना सिडकोचे ना-हरकत पत्र घेतले होते का आणि हस्तांतर शुल्क किती पडेल, हे बोली लावण्यापूर्वी सिडकोच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडांवरही अनेक इमारती उभ्या आहेत. तिथे सिडको, मूळ भूखंडधारक आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करारापासून सध्याच्या कर्जदारापर्यंत कागदपत्रांची साखळी अखंड आहे का, ते पाहावे लागते. मधला एखादा करार नोंदवलेला नसेल, तर पुढे हस्तांतर अडते.

गावठाणांच्या आसपासच्या इमारतींबाबत आणखी सावध राहावे लागते. त्यांपैकी अनेकींना बांधकाम परवानगी नाही किंवा भोगवटा प्रमाणपत्र नाही. बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत अधिकृत असलीच पाहिजे, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. नवी मुंबईतील दिघ्यात एमआयडीसीच्या (औद्योगिक विकास महामंडळाच्या) जमिनीवर उभ्या राहिलेल्या बेकायदा इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली पाडकामाची कारवाई सुरू झाली, तेव्हा पैसे मोजून घरे घेतलेल्या कुटुंबांवर बेघर होण्याची वेळ आली. ज्या घराला भोगवटा प्रमाणपत्र नाही, त्याची किंमत कितीही कमी असली तरी ते टाळणे शहाणपणाचे.

याशिवाय दुय्यम निबंधक कार्यालयातून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि सूची क्रमांक दोन तपासावी. त्याच घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, हे सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत अल्प शुल्क भरून पाहता येते. कर्जदाराने बँकेविरुद्ध दावा केला आहे का, याचाही शोध घ्यावा. असे दावे कर्जवसुली न्यायाधिकरणात चालतात; मुंबईच्या अशा तीन न्यायाधिकरणांपैकी तिसऱ्याचे कार्यालय वाशी रेल्वे स्थानकाजवळ सेक्टर ३० ए मध्ये आहे. ही सर्व तपासणी अनुभवी वकिलाकडे सोपवावी. त्याची फी या व्यवहारातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च असतो.

मागची देणी कोणाची

जुन्या मालकाची थकलेली देखभाल वर्गणी, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि वीजबिल यांचा हिशेब राखीव किमतीत धरलेला नसतो. सोसायटी थकबाकी भरल्याशिवाय सभासदत्व देण्यास सहसा तयार नसते. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतील घराचा कर ऑनलाइन पाहता येतो. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे भाग १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. तिथे स्थापनेपासूनच्या पूर्वलक्षी मालमत्ता कराचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि अनेकांनी तो भरला नाही. त्यामुळे या भागातील बंद घरावर काही वर्षांचा कर साचलेला असू शकतो.

विजेच्या थकबाकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. नवी जोडणी देण्यापूर्वी त्या जागेची जुनी थकबाकी भरण्याची अट नियमांनुसार घालता येते आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर घेणाऱ्याने अशा देण्यांची चौकशी आधीच करायला हवी, असे न्यायालयाने म्हटले. सोसायटी, महापालिका आणि महावितरण या तिन्ही ठिकाणचे आकडे लेखी मिळवून ते बोलीच्या कमाल रकमेतून वजा केले, तरच घर खरोखर स्वस्त आहे की नाही ते कळते.

पैशांचे वेळापत्रक

लिलावात भाग घेण्यासाठी आधी बयाणा भरावा लागतो. तो बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असतो. बोली जिंकल्यावर त्याच दिवशी, किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, बयाण्यासह एकूण २५ टक्के रक्कम पूर्ण करावी लागते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे असतात. बँकेने लेखी संमती दिली तर मुदत वाढते, पण ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही.

समजा, एका सदनिकेची राखीव किंमत ६० लाख रुपये आहे आणि बोली ६६ लाखांवर थांबली. सुरुवातीला ६ लाख बयाणा भरलेला असेल. दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी १० लाख ५० हजार आणि पुढच्या १५ दिवसांत ४९ लाख ५० हजार रुपये उभे करावे लागतील. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्याने एक टक्का, म्हणजे ६६ हजार रुपये, उद्गम कर म्हणून कापून सरकारकडे भरायचे असतात. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, सिडकोचे हस्तांतर शुल्क आणि जुनी देणी वेगळी.

उरलेल्या रकमेसाठी गृहकर्ज लागणार असेल, तर त्याची तत्त्वतः मंजुरी बोलीपूर्वीच हातात हवी. मुदतीत पैसे भरले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त होते. पूर्ण २५ टक्के जप्त करण्याचा बँकेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शण्मुगवेलू खटल्यात मान्य केला आहे. वरच्या उदाहरणात हे नुकसान साडेसोळा लाखांचे होईल. सर्व रक्कम फक्त बँकेने जाहिरातीत दिलेल्या खात्यात भरावी. ‘लिलाव जुळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नये.

नवी मुंबईतील एक महत्त्वाचा खटला

बोली जिंकल्यावर कर्जदाराने सर्व पैसे भरून मालमत्ता सोडवून मागितली तर काय, या प्रश्नाचे उत्तर नवी मुंबईतीलच एका प्रकरणातून मिळाले. टीटीसी औद्योगिक क्षेत्रात, जुईनगर-नेरूळजवळच्या शिरवणे व कुकशेत गावांच्या हद्दीतील १६,२०० चौरस मीटर भूखंडाचे भाडेपट्टा हक्क युनियन बँकेकडे तारण होते. आठ लिलाव फसले. नवव्या लिलावात, ३० जून २०२३ रोजी, सेलिर एलएलपी या संस्थेची १०५ कोटी ५ लाख रुपयांची बोली मान्य झाली आणि तिने मुदतीत रक्कम भरली. त्यानंतर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी रुपये भरण्याची तयारी दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी तारण सोडवण्यास परवानगी दिली; सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी ती रद्द केली. सरफेसी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच तारण सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असे न्यायालयाने ठरवले.

हा निकाल प्रामाणिक खरेदीदाराला मोठे संरक्षण देतो. तरीही या प्रकरणात खरेदीदाराला ताब्यासाठी पुन्हा न्यायालयात जाऊन अवमान याचिका करावी लागली आणि तिचा निकाल १३ डिसेंबर २०२४ रोजी लागला. शिवाय बँकेने नोटीस, मूल्यांकन किंवा प्रसिद्धी यांत नियम मोडले असतील, तर कर्जदार ४५ दिवसांत न्यायाधिकरणात दाद मागू शकतो आणि विक्री रद्दही होऊ शकते. म्हणून बँकेने प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे पार पाडली का, हे तपासण्यात खरेदीदाराचाच फायदा आहे.

ताबा आणि विक्री प्रमाणपत्र

घरात कोणी राहत असेल तर सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली बँक जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे मदत मागते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या घरांसाठी हे कार्यालय ठाण्याचे, तर पनवेल आणि उरण तालुक्यांतील घरांसाठी अलिबागचे. कायद्याने ३० दिवसांत, जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेशाची अपेक्षा ठेवली आहे. पण आदेश, पोलीस बंदोबस्त आणि प्रत्यक्ष कारवाई यांत अधिक काळ जाऊ शकतो. तारण ठेवण्यापूर्वीपासूनचा खरा भाडेकरू असेल तर त्याला सहज बाहेर काढता येत नाही. २०१६ मध्ये विशाल कलसारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूंचे संरक्षण मान्य केले आहे.

पूर्ण रक्कम मिळाल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. हाच नव्या मालकाच्या हक्काचा मुख्य कागद. त्यावर मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे नोंद करावी. शुल्क लिलावाच्या रकमेवर की रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या) दरावर, हे त्याच कार्यालयातून आधी विचारून घ्यावे. त्यानंतर सिडको, सोसायटी, महापालिका आणि महावितरण यांच्याकडे नाव बदलून घ्यावे. मूळ करार, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि जुन्या पावत्या बँकेच्या ताब्यात असतात; त्यांची यादी करून पोच देऊनच ही कागदपत्रे स्वीकारावीत.

कोणी घ्यावे

प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असलेले, भोगवटा प्रमाणपत्र आणि सिडकोची कागदपत्रे पूर्ण असलेले, कोणताही दावा प्रलंबित नसलेले घर योग्य किमतीला मिळत असेल, तर लिलाव हा घर घेण्याचा कायदेशीर आणि चांगला मार्ग आहे. सांकेतिक ताब्याचे घर मात्र ज्याला दोन-तीन वर्षे थांबणे परवडते आणि ज्याचे राहते घर त्यावर अवलंबून नाही, त्यानेच घ्यावे. आयुष्यभराची बचत एकाच व्यवहारात घालणाऱ्या कुटुंबाने बोलीची कमाल मर्यादा आधी कागदावर लिहावी, सर्व देणी त्यात धरावीत आणि लिलाव कितीही रंगला तरी ती ओलांडू नये.