सामुदायिक आंतरजाल आणि स्वयंसेवक

एखाद्या परिसरातील रहिवाशांनी स्वतः उभारलेल्या व स्वतःच चालविलेल्या संगणकजाळ्यास सामुदायिक जाळे असे म्हणतात. स्पेनच्या कातालोनिया या स्वायत्त प्रदेशातील ‘गुईफी नेट’ हे अशा जाळ्यांपैकी जगातील सर्वांत मोठ्यांत गणले जाते.

त्याचा आरंभ २००४ साली ओसोना या ग्रामीण भागात झाला. रामोन रोका हे त्याचे प्रवर्तक होत. विखुरलेल्या शेतघरांपर्यंत वेगवान आंतरजाल पोहोचविण्यात दूरध्वनी कंपन्यांना रस नव्हता. तेव्हा रहिवाशांनी छपरांवर अँटेना बसवून एका घरातून दुसऱ्या घरापर्यंत बिनतारी जोडणी नेली. येथील पहिली प्रेरणा परोपकाराची नव्हे, गरजेची होती. मात्र ही गरज एकट्याने भागणारी नव्हती. समोर शेजाऱ्याचा अँटेना उभा राहिल्यावाचून आपला निरुपयोगी. म्हणून शेजाऱ्यास शिकविणे हेही स्वहिताचेच काम ठरले.

गरजेने सर्वच उलगडा होतो असे नाही. बर्लिनमध्ये विकतचे आंतरजाल उपलब्ध असतानाही ‘फ्रायफुंक’चे स्वयंसेवक आपली जोडणी अनोळखी लोकांसाठी खुली ठेवत. तेथे संपर्क हा सर्वांचा हक्क आहे, ही तत्त्वनिष्ठा प्रमुख होती. २०१५ साली जर्मनीत आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्यांत या मंडळींनी विनामूल्य जोडणी पुरविली.

उभारणीपेक्षा देखभाल अवघड. शेतकऱ्यांची इर्जिक दिवसअखेर जेवणाने संपते; जाळ्याचे काम संपतच नाही. वादळात अँटेना फिरला की कोणीतरी छपरावर चढावेच लागते, आणि त्या वेळी आरंभीचा उत्साह पुरत नाही. शिवाय आपल्या फुकट श्रमांवर दुसऱ्याने नफा कमवावा, याइतका स्वयंसेवकाचा उत्साह दुसऱ्या कशानेही खचत नसावा. गुईफी नेटने या दोन्ही अडचणी ओळखल्या. जाळे ही सामाईक मालमत्ता असून त्यात कोणासही सामील होता येईल, असे त्याच्या परवान्यात नमूद आहे. व्यवस्थेसाठी २००८ साली प्रतिष्ठान स्थापन झाले. व्यावसायिकांना जाळ्यावरून सशुल्क सेवा देण्यास मुभा आहे. परंतु कोणी किती गुंतवणूक केली व किती वापर केला याचा हिशेब होऊन त्यांच्यात देणी-घेणी ठरतात. २००९पासून प्रकाशीय तंतूही टाकले जाऊ लागले. पुढे क्रियाशील जोडबिंदूंची संख्या ३० हजारांवर गेली.