अक्षरांच्या जागी चौकटी का उमटतात?

सरकारी कचेऱ्या, ग्रामपंचायती आणि शाळा यांचा बहुतेक लेखी व्यवहार आता संगणकावरून चालतो. या व्यवहारात एक तक्रार वारंवार कानी येते. एका संगणकावर नीट टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की काही अक्षरांच्या, क्वचित सर्वच अक्षरांच्या, जागी लहान लहान रिकाम्या चौकटी दिसू लागतात. कधी पडद्यावर सारे ठीक असते आणि छापील कागदावर तेवढ्या चौकटी उतरतात. अशा वेळी मजकूर नष्ट झाला असे समजून तो पुन्हा टंकलिखित करण्याची धावपळ होते. वस्तुतः चौकटी दिसत असताना मजकूर बहुधा शाबूत असतो, नाहीशी झालेली असते ती केवळ त्याची आकृती.

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक किंवा सुबकपणाचा नाही. वेळीप हे आडनाव घ्या. त्यातील 'ळ' च्या ठिकाणी चौकट पडलेला दाखला बँकेत, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत किंवा जमीन व्यवहारात सादर झाला, तर नावाची खातरजमा कशी व्हावी? वाळपई, साखळी, पाळी ही गावांची नावेही अशीच अडखळतात. नमुना एक व चौदाच्या उताऱ्यावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चौकटीत कोणीतरी पेनाने अक्षर भरून दिले, तर ते पुढच्या कचेरीत हमखास शंकेस कारण होते. १९८७ च्या राजभाषा कायद्यान्वये गोव्याची राजभाषा असलेली कोकणी देवनागरी लिपीत लिहिली जाते, आणि मराठीचा वापरही शासकीय कामकाजात होतो. तेव्हा देवनागरीची ही अडचण येथे दोन्ही भाषांना सारखीच जाचते.

कारण समजून घेण्यासाठी संगणक अक्षरे कशी साठवितो हे पाहावे लागेल. संगणकाला 'क' किंवा 'ळ' असे अक्षर ठाऊक नसते, त्याला ठाऊक असतात क्रमांक. जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जी सर्वमान्य यादी आहे तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत देवनागरीसाठी सलग १२८ जागा राखून ठेवलेल्या आहेत. संगणकाच्या षोडशमान गणनेत 'क' चा क्रमांक ०९१५, 'ळ' चा ०९३३ आणि 'तऱ्हा' या शब्दातील 'ऱ' चा ०९३१ आहे. फाइलमध्ये जतन होतात ते हे क्रमांक. क्रमांकास अनुसरून दाखवावयाच्या आकृत्या मात्र फाँट नावाच्या निराळ्या फाइलमध्ये असतात. फाँट म्हणजे जुन्या छापखान्यातील खिळ्यांची पेटीच होय. क्रमांक आला की त्या कप्प्यातील खिळा उचलावयाचा. कप्पा रिकामा निघाला तर काय करावयाचे, याचीही तजवीज केलेली असते. फाँटमधील अगदी पहिली आकृती याच प्रसंगासाठी राखलेली असते, आणि बहुतेक फाँटमध्ये ती रिकाम्या चौकटीची असते.

खिळ्यांच्या छपाईतही असा प्रसंग येत असे. एखाद्या अक्षराचे खिळे संपले, तर जुळारी तितक्याच जाडीचा दुसरा खिळा उलटा बसवून पुढे जाई. मुद्रितावर त्याच्या बुडाचा काळा ठसा उमटे, आणि अंतिम छपाईपूर्वी योग्य खिळा मिळवून तो बदलला जाई. तो ठसा जुळाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेली खूण असे. संगणकाची चौकटही खूणच आहे, परंतु ती पाहून पुढची दुरुस्ती करणारा माणूस आपल्याकडे नेमलेला नसतो, एवढाच काय तो फरक. संगणक क्षेत्रातील मंडळी या चौकटींना विनोदाने 'टोफू' म्हणतात. सोयाबीनच्या दुधापासून बनणाऱ्या त्याच नावाच्या पदार्थाच्या पांढऱ्या चौकोनी वड्यांशी त्यांचे साम्य असते म्हणून. गूगल कंपनीने सर्व लिप्यांसाठी विनामूल्य उपलब्ध केलेल्या फाँटमालेचे 'नोटो' हे नावही 'नो टोफू', म्हणजे टोफू नको, यावरूनच पडले आहे.

क्रमांक सर्वत्र एकच असताना गोंधळ का व्हावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. भारतीय लिप्यांसाठी समान क्रमांकन करण्याचा प्रयत्न आपल्या देशात युनिकोडच्या आधीच झाला होता. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढीस लागले, आणि 'इस्की' ही संहिता १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. तथापि बाजारात निराळेच घडले. मुद्रणाच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या आकृत्या बसविलेले स्वतःचे फाँट विकले, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. अशा फाइलमध्ये मराठी मजकूर नसतोच, इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा चढविलेला असतो. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो आणि निरर्थक इंग्रजी अक्षरांचे कडबोळे समोर येते. कचेऱ्यांतील कित्येक वर्षांचे दप्तर आजही याच स्वरूपात पडून आहे.

विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या संगणकांत युनिकोड देवनागरीची सोय आली. तीसोबत आलेला 'मंगल' हा फाँट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी सिद्ध केलेला होता. केंद्र शासनाने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे नव्या कागदपत्रांपुरता प्रश्न बराच सुटला, मात्र जुने आणि नवे जेथे एकमेकांस भेटतात तेथे चौकटी अजून उमटतात.

सर्वांत आधी नेमके काय दिसते आहे हे बारकाईने पाहावे, कारण प्रत्येक लक्षणाचा अर्थ निराळा असतो. रिकाम्या चौकटी म्हणजे क्रमांक आहेत, आकृत्या नाहीत. चौकटीत बारीक अंक दिसत असतील तर ते त्या अक्षराचे क्रमांकच होत. ०९३३ दिसले तर तेथे 'ळ' आहे हे निश्चित समजावे. मात्रेजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसत असेल तर दोष बहुधा टंकलेखनाचा असतो. व्यंजनाआधी मात्रा टंकलिखित झालेली असते, किंवा व्यंजनच गळालेले असते. इंग्रजी अक्षरांचे कडबोळे असेल तर जुना फाँट शोधावा किंवा मजकूर परिवर्तकातून काढावा. मात्र अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर सावध व्हावे. देवनागरी न जाणणाऱ्या जुन्या पद्धतीत फाइल जतन झाली की प्रत्येक अक्षराचा क्रमांक पुसला जाऊन त्याजागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ते कोणत्याही फाँटने परत येत नाही. लाभार्थ्यांच्या याद्या एक्सेलमधून 'सी.एस.व्ही.' स्वरूपात जतन करताना हा अपघात विशेषेकरून होतो. तेथे 'यू.टी.एफ.-८' असा उल्लेख असलेलाच पर्याय निवडावा. विंडोजमधील नोटपॅड २०१९ पासून स्वतःहून याच पद्धतीने जतन करते, त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ती आठवणीने निवडावी लागे. मूळ फाइल बंद करण्यापूर्वी जतन केलेली प्रत एकदा उघडून पाहिली, तर शेकडो नावे वाचतात.

चौकटीच आहेत अशी खात्री झाल्यावर उपाय अवघड नाही. मजकूर निवडून त्याला देवनागरी फाँट द्यावा. 'निर्मला' हा फाँट विंडोज ८ पासूनच्या संगणकांत असतो. 'मंगल', 'कोकिला', 'उत्साह' व 'अपराजिता' हे फाँट विंडोज १० पासून पूरक संचात ठेवलेले आहेत. ते दिसत नसतील तर सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स' मधून देवनागरीचा संच जोडून घ्यावा, किंवा भाषांच्या यादीत मराठी समाविष्ट करावी. फाँट बदलताच अक्षरे परतली तर रोगाचे निदान झाले. एकच अक्षर हट्टाने चौकटीत राहत असेल तर दोष त्या फाँटच्या अपुरेपणाचा असतो. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या एखाद्या हौशी फाँटमध्ये 'ळ' किंवा 'ऱ' नसणे अशक्य नाही. लग्नपत्रिकेच्या वळणाचे आकर्षक फाँट दाखल्यांसाठी वापरण्याचा मोह म्हणूनच टाळलेला बरा.

तीन चिन्हांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. अ वर चंद्र असलेले 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या फाँटमध्ये 'ॲडव्होकेट' चे पहिलेच अक्षर चौकट बनते. रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांच्या आराखड्यानुसार जुलै २०१० मध्ये मंजूर झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या यादीत दाखल झाले. सुधारणा न केलेल्या जुन्या संगणकावर पावतीतील रकमेआधी चौकट दिसते ती यामुळे. मधल्या काळात एका खासगी फाँटमध्ये हे चिन्ह इंग्रजी कळफलकावरील तिरप्या खुणेच्या कळीवर बसविले गेले होते. तशा जुन्या पत्रकांत आज रकमेआधी केवळ तिरपी खूण दिसते, तेथे चिन्ह नव्याने घालावे लागते. तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील रकार वेगळे राखण्यासाठी काही कळफलक 'र' नंतर अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह घालतात. फाँटला ते ठाऊक नसले की शब्दाच्या मधोमध नाहक चौकट उभी राहते. सरळ 'ऱ' हे अक्षर वापरल्यास हा त्रास उद्भवत नाही, आणि शिक्षकांनी मुलांना टंकलेखन शिकविताना हीच सवय लावावी.

पडद्यावर अक्षरे आणि कागदावर चौकटी, हा प्रकार प्रिंटरकडून होतो. काही प्रिंटर संगणकाकडून फाँट न घेता स्वतःच्या स्मृतीतील फाँट वापरतात, आणि त्यांत देवनागरी नसते. प्रिंटरच्या गुणधर्मांत फाँट बदलून घेण्याचा पर्याय बंद करून संगणकातील फाँट पाठविण्याचा पर्याय निवडावा. पी.डी.एफ. फाइल असेल तर अॅक्रोबॅट रीडरमध्ये छपाईच्या प्रगत पर्यायांत 'प्रिंट ॲज इमेज' असे आढळते. त्यामुळे अक्षरे चित्ररूपाने जातात व हमखास उमटतात, छपाईला वेळ थोडा अधिक लागतो इतकेच. पी.डी.एफ. तयार करणाऱ्यानेच फाँट फाइलमध्ये अंतर्भूत केला असेल तर पुढील कोणालाही हा खटाटोप करावा लागत नाही. रीडरमध्ये फाइलचे गुणधर्म उघडून फाँटच्या नावापुढे 'एम्बेडेड' हा शब्द आहे की नाही हे पाहता येते. वर्डच्या फाइलमध्येही जतन करण्याच्या पर्यायांत फाँट अंतर्भूत करण्याची सोय आहे.

शाळांच्या प्रश्नपत्रिका व पंचायतींच्या पत्रिका खासगी छापखान्यात जातात तेव्हा उलटा प्रश्न येतो. काही छापखान्यांत अद्याप पेजमेकर चालते. त्याची अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ सालची आहे आणि युनिकोड त्यास कळत नाही. आपला युनिकोड मजकूर तेथे परिवर्तकातून जुन्या फाँटमध्ये न्यावा लागतो, आणि या परिवर्तनात 'ऱ्ह', 'ळ', 'ॲ' आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत वजाबाकीचे चिन्ह चौकट झाल्यास विद्यार्थ्याने काय समजावे! यास्तव मुद्रिते पडद्यावर न तपासता कागदावर, मूळ प्रतीशी ताडून तपासावीत.

ग्रामीण भागातील वाचकांना चौकटींचा अनुभव येतो तो बहुधा साध्या मोबाइलवर. मराठी संदेश आला आणि नुसत्या चौकटी दिसल्या, तर त्या दूरध्वनी संचात देवनागरी फाँटच नाही असे समजावे. संचाच्या भाषांच्या यादीत मराठी वा हिंदी असेल तर निवडून पाहावी. नसेल तर संदेश पुसून न टाकता जसाच्या तसा दुसऱ्या, नव्या संचाकडे पाठवावा. क्रमांक शाबूत असल्याने तेथे तो बहुधा वाचता येतो. संदेश पाठविणाऱ्या खात्यांनीही ध्यानात घ्यावे, की एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीची ७० च. स्वरचिन्हे व हलन्तही त्यात मोजले जातात. त्यामुळे लांब संदेश तुकड्यांनी जातो.

दाखल्यात चौकट आढळल्यास अर्जदाराने ती खिडकीवरच दाखवून नवी छापील प्रत मागावी. कर्मचाऱ्याने चौकटीची तक्रार संगणक विभागाकडे कळविताना केवळ छापील कागद जोडू नये. मूळ फाइल, वापरलेल्या फाँटचे नाव आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावर कशी दिसते याची नोंद सोबत द्यावी. जुन्या फाँटमधील दप्तर युनिकोडमध्ये आणताना मूळ फाइली व त्यांचे फाँट वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावेत. परिवर्तनात एखाद्या नावातील अक्षर गळाले, तर ते पडताळून पाहण्यास तोच एक आधार उरतो.