एनबीएमधील वेतनमर्यादा आणि मुक्त खेळाडूचे स्वातंत्र्य

प्रस्तावना :

करार संपला की व्यावसायिक खेळाडू कोणत्याही संघाकडे जाण्यास मोकळा होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या, म्हणजेच एनबीएच्या, बाबतीत ही समजूत अर्धीच खरी ठरते. तेथे 'मुक्त खेळाडू' हा नियमांनी दिलेला दर्जा आहे; त्या दर्जाचे मोल मात्र त्या वर्षी किती संघांच्या वेतनमर्यादेत जागा शिल्लक आहे, यावर ठरते. प्रस्तुत लेखात हा संबंध काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे तपासला आहे.

पार्श्वभूमी :

पूर्वी करार संपल्यानंतरही खेळाडूवर मूळ संघाचाच हक्क राहत असे. ऑस्कर रॉबर्टसन हे खेळाडू संघटनेचे अध्यक्ष असताना १९७० मध्ये या प्रथेविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला. १९७६ मध्ये तडजोड होऊन संघ बदलण्याचा मार्ग काहीसा मोकळा झाला. पुढे १९८३ च्या करारान्वये वेतनमर्यादा मान्य झाली आणि १९८४-८५ च्या हंगामात ती प्रत्येक संघासाठी ३६ लाख डॉलर होती. त्या बदल्यात खेळाडूंना उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा मिळण्याची हमी देण्यात आली. म्हणजे ही मर्यादा मालकांनी एकतर्फी लादलेली नसून सामूहिक वाटाघाटीतून आलेली आहे, ही बाब अनेकदा नजरेआड होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर ठरली.

लवचिक मर्यादा व 'बर्ड अपवाद' :

आयपीएलच्या लिलावात संघाजवळची रक्कम संपली की बोली थांबते. एनबीएची मर्यादा इतकी कठोर नाही. तिला अनेक अपवाद आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा अपवाद बॉस्टनचा खेळाडू लॅरी बर्ड याच्या नावाने ओळखला जातो. मुक्त खेळाडू म्हणून संघ न बदलता जो खेळाडू तीन हंगाम पूर्ण करतो, त्याला त्याचा संघ मर्यादा ओलांडूनही पुन्हा करारबद्ध करू शकतो. प्रतिस्पर्धी संघाला ही सवलत नाही. शिवाय मूळ संघ पाच वर्षांचा करार व वार्षिक ८ टक्क्यांपर्यंत वाढ देऊ शकतो, तर इतरांना चार वर्षे आणि ५ टक्के एवढीच मुभा आहे. बाजार खुला असला, तरी त्यातील ग्राहक समान पातळीवर नाहीत.

मात्र या सवलतीचा दुरुपयोग होऊ नये म्हणून, करार न झालेल्या आपल्या मुक्त खेळाडूच्या नावे संघाच्या हिशेबात एक राखीव रक्कम धरली जाते. ती त्याच्या आधीच्या वेतनावरून ठरते. येथे करारांच्या क्रमाला विलक्षण महत्त्व येते. २०१५ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्स संघाच्या हिशेबात कवाय लेनर्डच्या नावे सुमारे ७२ लाख डॉलर धरलेले होते. त्याच्या नव्या कराराचे पहिल्या वर्षाचे वेतन मात्र सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलर होणार होते. संघाने उरलेल्या जागेत आधी लामार्कस ऑल्ड्रिजला घेतले आणि नंतर लेनर्डशी करार केला. लेनर्डचे त्यात नुकसान झाले नाही, कारण तो श्रेष्ठ खेळाडू होता. थांबण्यातील जोखीम मात्र खेळाडूच पत्करतो.

सशर्त मुक्त खेळाडू :

नवोदितांसाठीचा पहिला करार संपलेल्या खेळाडूला मूळ संघाने 'क्वालिफाइंग ऑफर', म्हणजे एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव, दिला की तो सशर्त मुक्त होतो. दुसऱ्या संघाने त्याच्याशी करार केला, तरी तेवढीच रक्कम मान्य करून मूळ संघ त्याला राखू शकतो. २०१२ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने जेरेमी लिनला दिलेल्या प्रस्तावात तिसऱ्या वर्षाचे वेतन जवळपास दीड कोटी डॉलर ठेवले. ते स्वीकारले असते तर न्यूयॉर्क निक्स संघावर अतिखर्चाबद्दलच्या कराचा मोठा बोजा पडला असता. त्या संघाने लिनला जाऊ दिले. असे यशस्वी डावपेच विरळाच. निर्णय येईपर्यंत प्रस्ताव देणाऱ्याची रक्कम अडकून पडते, म्हणून बहुतेक संघ अशा खेळाडूच्या वाटेस जात नाहीत.

२०२५ मध्ये ही अडचण तीव्रतेने दिसली. त्या वर्षी मोठी जागा शिल्लक असलेला संघ प्रामुख्याने ब्रुकलिन नेट्स हाच होता. जोनाथन कुमिंगाचा करार सप्टेंबरअखेरपर्यंत रेंगाळला. क्वेंटिन ग्राइम्सने एका वर्षाचा प्रस्ताव पत्करला. कॅम थॉमसची स्थिती तर अधिकच चमत्कारिक होती. ज्या संघाजवळ पैसा होता, तोच त्याचा मूळ संघ! त्यामुळे किंमत चढवणारा दुसरा ग्राहकच उरला नाही आणि मागील हंगामात सरासरी २४ गुण मिळवूनही तो सुमारे ६० लाख डॉलरच्या एकवर्षीय करारावर थांबला.

२०१६ नंतरची वळणे :

नव्या दूरचित्रवाणी करारामुळे २०१६ मध्ये मर्यादा ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने लागू करावी, ही सूचना खेळाडू संघटनेने नाकारली होती. ज्यांचे करार त्याच वर्षी संपले त्यांचे भाग्य उजळले. टिमोफी मोझगॉव्हसारख्या मध्यम दर्जाच्या खेळाडूला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. विशेष म्हणजे केव्हिन ड्युरंटला सामावून घेण्याइतकी जागाही आधीच बलाढ्य असलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे त्याच वाढीमुळे निर्माण झाली. गुणवत्तेइतकेच करार संपण्याचे वर्षही निर्णायक ठरावे, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

२०२३ च्या करारात वार्षिक वाढीवर १० टक्क्यांची मर्यादा आली. त्याचबरोबर 'दुसरे ॲप्रन' नावाची वरची खर्चपातळी निश्चित झाली. ती ओलांडणाऱ्या संघाला मुक्त खेळाडूंसाठीचा मधल्या वेतनाचा अपवाद वापरता येत नाही, तसेच अदलाबदलीत दोन खेळाडूंची वेतने एकत्र करता येत नाहीत. परिणामी बर्ड अपवादाने दिलेला अधिकार कागदावर राहिला, तरी तो वापरणे महाग झाले. २०२४ मध्ये पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्स सोडून चार वर्षांच्या २१ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला. क्लिपर्सने त्या वेळी या नव्या बंधनांचाच उल्लेख केला. फिलाडेल्फियाने जागा मिळवली ती लेनर्डच्या वेळच्याच मार्गाने: टायरीज मॅक्सीच्या नावे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर राखून ठेवले, जॉर्जला घेतले आणि मग मॅक्सीशी पाच वर्षांचा मोठा करार केला. या कराराची मुदत २०२८-२९ च्या हंगामापर्यंत आहे.