मसाजचे दर ताडताना बिलही तपासा

जबलपूर : मसाजच्या दरांची तुलना करताना प्रथम मिनिटे विचारावीत, पाऊण तासाचा स्वस्त दर तासाच्या हिशेबात अनेकदा महागच ठरतो. स्पा सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलावरील पंधरा अंकाक्षरी क्रमांकाचा आरंभ मध्य प्रदेशासाठी २३ ने होतो. नोंदणी नसलेल्या केंद्राला हा कर आकारताच येत नाही. पत्ता न सांगता केवळ मोबाइलवर आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून दूरच राहावे. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर तक्रार नोंदवावी. जुने दुखणे असल्यास मात्र स्पाऐवजी ग्वारीघाट येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात वैद्यांचा सल्ला घेणे श्रेयस्कर.