‘ब्रीड’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थविस्तार

इंग्रजीतील ‘ब्रीड’ या क्रियापदास मराठीत एकच प्रतिशब्द योजू पाहणारा भाषांतरकार लवकरच अडचणीत येतो. ‘प्रजनन करणे’ म्हणावे तर संगोपन सुटते. ‘वाढविणे’ म्हणावे तर जन्म सुटतो. या अडचणीचे मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीत आहे.

एका विणीची पिल्ले या अर्थाच्या ‘ब्रूड’ या नामाशी हे क्रियापद निगडित आहे. ‘फूड’ व ‘फीड’, ‘ब्लड’ व ‘ब्लीड’ या जोड्यांतही हाच संबंध दिसतो. पुढील अक्षरातील, कालांतराने लुप्त झालेल्या, तालव्य ध्वनीच्या प्रभावाने मूळचा दीर्घ ओकार एकारात परिणत झाला आणि मध्ययुगाच्या अखेरीस सुरू झालेल्या दीर्घस्वरांच्या स्थित्यंतरात त्या एकाराचा ईकार झाला. जर्मन भाषेतील ‘ब्र्यूटेन’ हे क्रियापद याच कुळातील असून त्याचा अर्थ अंडी उबविणे असा आहे. उबविण्याच्या क्रियेत जन्म देणे आणि जपणे यांची सीमारेषा आखता येत नाही. ‘ब्रीड’च्या पोटात हे दोन्ही अर्थ राहिले, ते यामुळेच.

पशुपक्ष्यांविषयी हे क्रियापद सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही रीतींनी येते. प्राणी आपण होऊन वितात तेव्हा ते अकर्मक असते. मनुष्य निवड करून त्यांची पैदास करतो तेव्हा सकर्मक. लेस्टरशायरमधील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याने मेंढ्यांच्या बाबतीत केले ते हे दुसरे कार्य होय. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ अशाच मानवकृत निवडीच्या विवेचनाने केला. येथे ‘पैदास’ हा मराठी शब्द निर्दोष आहे. डासांच्या बाबतीतही तो चालतो.

माणसाविषयी मात्र सावध राहावे लागते. कर्तरी प्रयोगात, माणसे ‘ब्रीड’ करतात असे म्हटले की आजच्या इंग्रजीत तुच्छता व्यक्त होते; वसाहतकाळच्या लेखनात ती पुष्कळ आढळते. तिचे ‘संततीस जन्म देतात’ असे सभ्य भाषांतर करणे म्हणजे लेखकाचा उद्दामपणा झाकणे होय. मिश्र वंशाच्या माणसास उद्देशून योजिलेला ‘हाफ-ब्रीड’ हा शब्द तर उघड शिवीच आहे. उलट त्याच धातूचे ‘ब्रेड’ हे भूतकालवाचक धातुसाधित ‘वेल-ब्रेड’ या समासात आदर दर्शविते आणि ‘ब्रीडिंग’ हे नाम शिष्टाचाराचे वाचक होते. चांगले वळण हे चांगल्या कुळातूनच येते, हे गृहीतक त्यात दडलेले आहे. आपले ‘कुलीन’ व ‘घरंदाज’ हे शब्द या बाबतीत इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपणांस देत नाहीत! घोड्यास लावावयाचे ‘जातिवंत’ हे विशेषण आपणही कलावंतास लावतोच. तथापि, मूळ लेखकास केवळ सौजन्य अभिप्रेत असेल तेथे ‘सुसंस्कृत’ किंवा ‘सुशील’ म्हणावे. ‘कुलीन’ म्हटल्यास त्याने न केलेला दावा त्याच्या माथी मारला जातो.

लाक्षणिक प्रयोगात या क्रियापदाचे कर्म बहुधा अनिष्ट असते: तिरस्कार, संशय, हिंसा. यशातून यश निपजते, असाही प्रयोग आहे. पण तो अल्पसंख्य. मराठी अशा वेळी क्रियापदापेक्षा विभक्तीवर भिस्त ठेवते: अतिपरिचयाने अवज्ञा होते, दारिद्र्यातून गुन्हेगारी फोफावते. अशा स्थळी ‘जन्म देणे’ योजण्याची अलीकडची सवय व्याकरणदृष्ट्या शुद्ध असली, तरी कानाला परकी वाटते.

एक प्रयोग मात्र विभक्तीने भागत नाही. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉक मेंढ्यांच्या पैदाशीची कथा सांगून व्याजाचे समर्थन करतो, सोने-रुपे म्हणजे का मेंढ्या, असे अँटोनिओ विचारतो, तेव्हा आपण पैसाही तितक्याच वेगाने ‘ब्रीड’ करवितो असे शायलॉक उत्तरतो. ग्रीक भाषेत अपत्य व व्याज यांना ‘टोकोस’ हा एकच शब्द होता आणि व्याजाची निंदा करताना ॲरिस्टॉटलने त्याचा आधार घेतला होता. संस्कृतातील ‘वृद्धि’ शब्दात व्याज आहे, पण अपत्य नाही. म्हणून येथे ‘पैसा वाढवितो’ असे भाषांतर केल्यास मेंढ्यांचा संदर्भच नाहीसा होतो. ‘माझा पैसाही वितो’ असे काहीसे रांगडे रूप पत्करणे अधिक प्रामाणिक ठरेल.