केशरी क्रोमाइडची वीण आणि डासांच्या अळ्या

सिक्लिड माशांचा विषय निघाला की शौकीन मंडळी आफ्रिकेतील मलावी आणि टांगानिका सरोवरांची नावे घेतात. दुकानांतही ऑस्कर, एंजल आणि फ्लॉवरहॉर्न यांचीच गर्दी असते. वास्तविक या कुळाच्या तीन जाती आपल्या देशाच्या स्वतःच्या आहेत. केरळात करिमीन आणि गोव्यात कालुंदर म्हणून ओळखला जाणारा मासा त्यांपैकी सर्वांत परिचित. २०१० साली केरळने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. दुसरी जात कर्नाटकातील नद्यांपुरती मर्यादित आहे. तिसरी म्हणजे केशरी क्रोमाइड. या गटाचे जवळचे नातलग आढळतात ते थेट मादागास्करमध्ये. कालुंदर आकाराने मोठा होत असल्याने घरच्या टाकीला झेपत नाही. जेमतेम आठ सेंटिमीटर वाढणारा केशरी क्रोमाइड मात्र तेथे सुखाने राहतो आणि वीणही करतो.

हा मासा मूळचा किनारपट्टीवरील खाड्या व पश्चजलांतील असल्यामुळे त्याला किंचित क्षारयुक्त, कठीण पाणी मानवते. गोड्या पाण्यातही तो राहतो. शंभर लिटरची टाकी, २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान, काही सपाट दगड आणि चांगला फिल्टर एवढी सिद्धता पुरेशी आहे. मासे सोडण्यापूर्वी फिल्टरमध्ये अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे द्यावेत. नर व मादी बाह्यरूपावरून ओळखणे अवघड असते. त्यामुळे सहा ते आठ लहान मासे एकत्र वाढवावेत व जोडी त्यांची त्यांना जमवू द्यावी.

जोडी जमली की दोघेही एखादा दगड तोंडाने घासून स्वच्छ करतात. त्यावर मादी दोनशेच्या आसपास अंडी चिकटवते. दोघे आळीपाळीने परांनी पाणी हलवून अंड्यांना प्राणवायू पुरवतात आणि बुरशी धरलेली अंडी वेचून काढतात. साधारण पाच दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. आईबाप त्यांना वाळूतील खळग्यात नेऊन ठेवतात आणि आणखी आठवडाभराने ती पोहू लागतात. धोका जाणवताच पालक आपले काळे अधरपर झटक्याने उघडमीट करतात. त्या खुणेसरशी पिल्ले त्यांच्याभोवती गोळा होतात. पुढे पिल्ले आईबापांच्या अंगावरील श्लेष्मा टिपून खातात. पिल्ले लगेच वेगळ्या टाकीत हलवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या जातीच्या बाबतीत तो मला चुकीचा वाटतो, कारण त्यामुळे पिल्लांचे पहिले अन्नच हिरावले जाते.

तथापि केवळ श्लेष्म्यावर पिल्ले जगत नाहीत. आर्टेमियाची नुकती उबलेली पिल्ले हा नेहमीचा उपाय. मिठाच्या पाण्यात ती एका दिवसात मिळतात. बाजारातील ट्युबिफेक्स मात्र टाळावा; तो घाण पाण्यात वाढतो आणि रोग सोबत आणतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने सर्वोत्तम जिवंत खाद्य म्हणजे डासांच्या अळ्या. क्युलेक्स डासाची मादी पाण्यावर तराफ्याच्या आकारात शंभर ते तीनशे अंडी घालते. असा एक तराफा चमच्याने उचलून पेल्यात ठेवला, की दोन दिवसांत पिल्लांच्या तोंडात मावतील अशा इवल्या अळ्या तयार होतात. मोठ्या अळ्या प्रौढ माशांना द्याव्यात.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अळ्यांच्या भांड्यावर बारीक मलमल बांधावी आणि कोष दिसू लागताच सर्व पाणी गाळून घ्यावे. डेंग्यू पसरवणारा एडिस सुटी सुटी अंडी पाण्याच्या पातळीवरील ओलसर भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडेपणात महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून भांडे नुसते रिकामे न करता घासावे. फवारणी झालेल्या गटारांतील अळ्या कधीही आणू नयेत. गच्चीवर टाकून दिलेली, मासे नसलेली टाकी तर पावसाळ्यात डासांचे माहेरघर ठरते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मासे अचानक दगावले की दोष पाण्याला दिला जातो. पण घरात फवारलेल्या कीटकनाशकाचा विचार कोणी करत नाही. झुरळांचा फवारा, डासांची वडी आणि विजेवर चालणारी द्रवरूप औषधे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटाची रसायने असतात. सस्तन प्राण्यांचे यकृत त्यांचे विघटन लवकर करते, माशांना ते जमत नाही. अत्यल्प मात्राही त्यांना घातक ठरते. टाकीचा हवापंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो. त्यामुळे झाकण लावूनही काम भागत नाही. मासे असलेल्या खोलीत फवारा मारूच नये. इमारतीत धूरफवारणी होणार असल्यास टाकी ओल्या कापडाने झाकून हवापंप तेवढा वेळ बंद ठेवावा, खिडक्या लावून घ्याव्यात आणि हवा खेळती झाल्यावरच पंप सुरू करावा. टाकीजवळ मच्छरदाणी व जाळीच्या खिडक्या हाच इलाज.

वीण यशस्वी झाली की जागेचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी मासे जवळच्या तळ्यात सोडण्याचा मोह होतो. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच. तो देशभरातील जलाशयांत पसरला आणि स्थानिक माशांच्या जागा बळकावून बसला. केशरी क्रोमाइड देशी असला तरी टाकीत वाढलेला, विशेषतः बाजारातील निवडक पिवळ्या वाणाचा मासा नैसर्गिक पाण्यात सोडू नये. जास्तीची पिल्ले इतर शौकिनांना द्यावीत किंवा विक्रेत्याकडे सोपवावीत. तेही शक्य नसल्यास पुढील वेळी अंड्यांचा दगड बाहेर काढून ठेवावा.